तासाला तास

वायर मिळाली तापकीर गल्लीत, चौथ्या दुकानात.
"ही आता कोणी मागत नाही," म्हणाला तो,
पण दहा रुपयेसुद्धा सोडले नाहीत.

"कॉपी-पेस्ट कर की, दादा," तू एडमंटनहून म्हणालीस,
"दोन मिनिटांचं तर काम."

फोटो आले तसे. कार्डावर नऊच होते.
फटाफट उतरले, सगळ्यांत सगळे ताठ उभे.
पण कॅसेट तशी नसते, वसू.
जेवढा वेळ घडलं, तेवढाच वेळ ती घेते.
तासाला तास.
म्हणून बसलो स्टुलावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

अप्पांनी कॅमेऱ्यात तारीख कधी लावलीच नाही.
त्यामुळे आपल्याकडे सगळं एकाच दिवशी घडलंय,
एक जानेवारी दोन हजार:
तुझा साखरपुडा, गोगट्यांचं कुत्रं,
मुठेला आलेलं पाणी,
आणि मी, केसांसकट.

मग एकदम आभाळ खाली.
बंद केला असं समजून
त्यांनी कॅमेरा गळ्यात तसाच सोडलेला.
पर्वतीच्या पायऱ्या उलट्या, हेलकावत,
आणि डाव्या पायाची ती चप्पल,
अंगठ्याशी तारेनं शिवलेली.
"बेचाळीस… त्रेचाळीस…"
थांबले. नुसता श्वास, माइकला लागून.
"दमलो नाही. लेस सुटलीय."
आईचा आवाज: "चप्पल आहे ती."

मग कोणीतरी पोरगा: "काका, किती वाजले?"
"सव्वासहा."

कोपऱ्यात आकडे बारा चाळीस दाखवत होते.
अख्ख्या कॅसेटमध्ये
खरी वेळ ती एवढीच,
तोंडानं सांगितलेली.

"मोजणं चुकलं गं. पहिल्यापासून मोजू?"
"कशाला? चढा आता."
आणि अकरा मिनिटं पायरी, पाय, पायरी,
एक शेंगांचा कागद, पाय.

कॉम्प्युटर म्हणाला, सतरा फ्रेम सुटल्या.
कुठल्या, ते नाही म्हणाला.

तू म्हणशील, तेवढा भाग उडव, फाइल जड होते.
नाही उडवला. नाव दिलंय 'सव्वासहा'.
सवडीनं बघ. पुढे ढकलू नकोस.

निळा पडदा आला तेव्हा उठायला गेलो,
तर पायांना मुंग्या.
भिंत धरून उभा राहिलो जरा,
कोणी विचारलं असतं
तर मीही लेस म्हणालो असतो.