चौथी गाठ

तनूने वहीच्या पैशांत चार पिल्लं आणली,
शाळेच्या फाटकाशी पाटी घेऊन बसतो त्याच्याकडून.
दोन गुलाबी, एक हिरवं, एक जांभळं,
रंगपंचमीतून उठून आल्यासारखी.
परत देऊन ये, म्हटलं.
तो परत घेत नाही, म्हणाली,
आणि चिवचिव तर सात मजले चढून आलीच होती
लिफ्ट बंद असताना.

समोरच्या दारातून मेहरूनभाभी म्हणाली,
आधी ऊब दे. दाण्याचं नंतर बघ.
पाइपलाइनवर झोपडं होतं तेव्हा
तिच्याकडे अठरा कोंबड्या होत्या.
माहुलला येताना टेम्पोत जागा नव्हती.
एवढंच सांगते ती.

आता ऊब कुठून आणायची?
घरातले सगळे दिवे पांढरे, वीज वाचवणारे,
उजेड रग्गड, हात लावावा तर गार.
हार्डवेअरवाला शिडी लावून माळ्यावर चढला,
धूळ फुंकून साठचा पिवळा बल्ब काढला.
जुना माल आहे, ताई. गॅरंटी नाही.
म्हटलं, पिल्लांचीही कुणी दिलेली नाही.

बिस्किटांचं खोकं, सुताराकडचा भुसा,
वर मोडक्या छत्रीची दांडी,
दांडीला सुतळी, सुतळीला होल्डर,
पिल्लांच्या डोक्यापासून एक वीत वर बल्ब.
डिसेंबर होता. मुंबईची थंडी म्हणजे हसण्यासारखी,
पण आई नसलेल्या पिल्लाला ते कोण सांगणार.

भाभीने आत डोकावून शिकवलं:
एकावर एक चढून बल्बखाली गोळा झाली, तर थंडी.
चोची उघडून कडेला पळाली, तर उकाडा.
ऐसपैस पसरून, एखादीचा पाय मागे ताणलेला,
आवाज बारीक, स्वतःशीच,
तर समज जमलं.
मग तिने सहज खोलीवरून नजर फिरवली.
आम्ही तिघं. तीन भिंतींना तीन चटया.

तिसऱ्या रात्री अख्ख्या इमारतीची लाइट गेली.
खिडकीत फक्त कंपनीच्या धुराड्यावरची ज्योत,
ती कधी विझत नाही,
तिचा वास घरात येतो, ऊब येत नाही.
मी गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून खोक्यात ठेवली.
हे उठले. सहा महिने घरी बसलेला माणूस.
काही न बोलता दोन पिल्लं बनियनच्या आत घेतली
आणि भिंतीला टेकून बसले, पहाटेपर्यंत,
हात पोटाशी धरून, दुखत असल्यासारखे.
हिरवं तनूच्या ओंजळीत.
जांभळं माझ्याकडे होतं.

सकाळी तीनच उरली.
कुणाकडचं गेलं, ते तनूने विचारलं नाही.

मग दर रविवारी सुतळीला एक गाठ.
बल्ब चार बोटं वर.
पहिल्या गाठीला पंखांच्या टोकांशी पांढरं फुटलं,
रंगाच्या खालून, खरं.
दुसऱ्या गाठीला गुलाबी कोणतं आणि हिरवं कोणतं
यावर भांडण.
तिसऱ्या गाठीपासून दिवसा बल्ब बंद.
काय गोंधळ घातला त्यांनी!
मी बटणाकडे गेले तर भाभी म्हणाली,
ओरडू दे. ही थंडी नाही, सवय आहे.

चौथी गाठ बांधली आणि रात्रीही बंद केला.
दोन वाजता जाग आली. अंधारात हात घातला.
तिघी एकमेकींत खोचून बसलेल्या,
पिसांच्या आत भाकरी ठेवावी इतकं गरम.
गार होतं ते माझं बोटच.
एकीने ते टोचलं.

"विझवलास?" भिंतीकडून आवाज आला.
"हो."
"मग झोप आता."

बल्ब हल्ली मोरीत लावलाय.
पिवळ्या उजेडात आंघोळ करताना
तनू भिंतीला हात लावून बघते.
सेक्रेटरी विचारून गेला, कोंबड्या किती दिवस?
सुतळी दांडीलाच आहे.
गाठी सोडवायला बसले होते परवा,
नखाने एक सुटेना.