थाळी क्रमांक अकरा

पेट्री डिश धुणं हे माझं काम.
दहा ते साडेपाच, कॉलेजच्या सूक्ष्मजीव विभागात.
त्याआधी नि नंतर
वडणग्याच्या कडेला आठ गुंठे,
मेथी, पोकळा, चाकवत, थोडा आंबट चुका.
दोन्हीकडं हात मातीतच,
तिथं फक्त हातमोजे.

दिवाळी झाली आणि मायाप्पाची बकरी बसवली, दोन रात्री.
पैसे नको म्हणाला. जोंधळे घेतले दोन पायल्या,
आणि चहा, रात्रीत तीनदा.
वाघरीच्या आत दीडशे तोंडं रवंथ करत होती.
पहाटे लेंड्यांचा, मुताचा वास असा
की डोळ्यांतनं पाणी.

बकरी बसायच्या आधीची चिमूटभर माती
मी लवंगांच्या जुन्या डबीतून विभागात नेली होती.
महिन्याने दुसरी चिमूट.
अकिवाटे सर म्हणाले, लाव की,
उरलेलं अगार आहे त्यात.

पहिल्या थाळीवर ठिपके मोजता आले. एक्केचाळीस.
दुसऱ्या थाळीवर मी मोजणं सोडून दिलं.
खडूसारखे पांढरे, हळदीसारखे,
एक काळ्या मखमलीचा, कडेला राखाडी झालर.
झाकण उघडायचं नाही असा नियम आहे.
मी उघडलं.
पाटाचं पाणी वाफ्यात शिरल्यावर येतो तो वास आला.
म्हणजे तो मातीचा नव्हताच कधी,
या खडूवाल्यांचा होता.
आम्ही इतकी वर्षं भलत्याचंच कौतुक करत होतो.

पोकळ्याचं पान त्या वर्षी तळहाताएवढं.
कपिलतीर्थात हौसाक्कानं पेंडी उचलली, देठ मोडून बघितला.
"काय घातलंस गं?"
"बकरी बसवलीती."
"तरीच."

मग पौषात उकिरडा भरला,
आणि पंडित भाऊजींनी गोठ्यातलं ताजं शेण
उगवलेल्या मेथीच्या ओळींत दाबलं, वर पाणी सोडलं.
अगदी चांगल्या मनानं.
"शेणच हाय की, औषध थोडंच मारलंय."

आमच्याकडं मेथी कच्ची खातात.
भाकरी, खर्डा,
आणि बादलीत दोनदा हलवून काढलेली कोवळी काडी.
पोरं तर बांधावरच,
चड्डीला पुसून.

थाळी क्रमांक अकरा. जांभळं माध्यम.
सदतीस अंश, एक रात्र.
सकाळी झाकणाखाली हिरवी चमक,
धातूची, शेणकिड्याच्या पाठीवर असते तशी.
त्या आठवड्यात इतकं देखणं मी दुसरं काही पाहिलं नव्हतं.
सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कुठली माती ही?"
"घरची," म्हटलं,
आणि हात धुतले, कोपरापर्यंत, उगीचच दोनदा.

चाळीस पेंड्यांची मेथी मी त्या संध्याकाळी उपटली.
भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, "डोळ्याला तर काय दिसंना."
म्हटलं, "मलाबी दिसंना. थाळीला दिसतंय."

मेथी सगळी म्हशीला घातली.
खाताना तिनं एकदा मान वर करून बघितलं,
एवढं कसं काय आज, असं.

आता उकिरड्याला थर आहेत,
शेण, पाचट, राख, परत शेण.
दर पंधरा दिवसांनी भाऊजीच उलथतात, मला हात लावू देत नाहीत.
मधोमध हात घातला तर चटका बसतो.
त्या उबेत हिरवे मरतात म्हणे,
थंड झालं की खडूवाले परत येतात.
पोट तेच, शेण तेच.
मधे थोडे दिवस जायला लागतात, एवढंच.

"मेथी कधी?" हौसाक्का विचारते, रोज.
"पाडव्यापर्यंत थांब."
"तवर गिऱ्हाइकाला काय, तोंड दाखवू?"
"चाकवत ने. बकऱ्याच्या वाफ्यातला हाय,
आणि चाकवत कोण कच्चा खातंय?"

ती पाटीत पेंड्या रचते, पाणी शिंपडते.
एका पानाला भोक आहे, ते खाली दडपते.
मी तेच पान उचलून वर ठेवते.
ती परत खाली.