के-सात

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
खाली बेअरिंगचं गोडाऊन, वर आम्ही.
चपला बाहेर, केस टोपीत, बांगड्या लॉकरमध्ये,
बोलणंही जपून: श्वासातून बुरशी जाते.

वाऱ्याची एकसुरी घरघर, स्पिरिटचा दिवा,
चिमटा लालबुंद, मग थंड,
मग अगरच्या लुसलुशीत थरावर
कळलावीचा तुकडा, नखाएवढा.
झाकण. पट्टी. के-सात, तारीख, माझी सही.
पुढचा तुकडा.

आढ्यात खोचली तर घरात कळ लावते म्हणे,
अडलेल्या बाईला कळ आणते म्हणे.
इथे पंचवीस अंशांवर, सोळा तास ट्यूबलाइटखाली
ती कुणाच्या अध्यात ना मध्यात.
सातशे बाटल्या, एक भांडण नाही.

मूळ कंद येऊरचा.
लाडक्या वरठाने उकरून दिला, पळसाच्या पानात,
खड्ड्यात चार तांदूळ टाकून, आधी विचारून.
कंदाला. मला नाही.

परवा आला तो. ॲप्रन उलटा घातलेला.
रॅकपुढे बराच वेळ उभा.
"यातली आय कंची?"
सगळ्या तीच आहेत, मी म्हटलं.
"म्हंजी लेकी?"
लेकी नाहीत हो. तीच. तुकडा तुकडा तीच.
तो हसला नाही.
"मंग हिला सोताला कळ कवा आली?"

प्रोटोकॉलची फाइल जाड आहे आमची.
त्यात नव्हतं.

कळलावीच्या पानाला टोकाशी बोट असतं,
धरायला, चढायला.
बाटलीत ते काचेवर टेकतं, घसरतं,
शेवटी स्वतःभोवतीच वळतं.

मग गच्ची. हिरवी जाळी, कोकोपीट.
पहिल्या आठवड्यात निम्मी माना टाकतात.
तहान ठाऊकच नसते त्यांना,
ती शिकवावी लागते, रोज थोडी,
प्लास्टिकच्या पिशवीला एकेक भोक पाडत.

आज ट्रे मोजताना
एकशे बाराव्या रोपाचं बोट
लेबलच्या काडीला वेढे देऊन बसलेलं.
'के' दिसतो, सात दिसत नाही.
सोडवून पाहिलं. चिवट आहे.

केळसकर म्हणाले, तोडा आणि नवं लेबल लावा.
मी म्हटलं, नाही.
नाही म्हणजे?
नाही म्हणजे नाही.

आवाज इतके चढले
की बेअरिंगवाला रस्त्यावर येऊन
मान वर करून बघत राहिला.