फटफटीचा घसा

कंपनीचं उत्तर दोन ओळींचं:
हे मॉडेल बंद होऊन एकोणीस वर्षं झाली,
सुटे भाग मिळणार नाहीत. कळावे.
सहीसुद्धा छापील.

बंद म्हणजे?
माझ्या शेडमध्ये ती अजून दुसऱ्या किकला उठते.
फक्त सायलेन्सरच्या पोटाला
अंगठा जाईल एवढं भोक पडलंय,
आणि ब्लायनाऊची खिंड चढताना
ती बोलते सर्दी झालेल्या पाद्र्यासारखी.
आमच्याकडे पाऊस विचारून येत नाही,
जाताना मात्र निरोप ठेवून जातो: गंज.

शोधलं नाही असं नाही.
रिलच्या भंगारवाल्याकडे तीन टाक्या, एक सीट,
आत चिमणीचं घरटं असलेला हेडलाइट.
बर्मिंगहॅमचा म्हणाला, मिळेल की,
आणि पुढच्याच वर्षी दुकान विकून स्पेनला गेला.
ग्रोनिंगेनच्या एका डच माणसाकडे होता एक,
ओरिजिनल, खोक्यातला. फोटो मागवला.
भोक त्यालाही होतं,
उजव्या बाजूला, एवढाच फरक.

शेवटी हेलेद.
तिचं गॅरेज म्हणजे जुनं बेथानिया चॅपेल.
प्रवचनाच्या ओट्यावर कॉम्प्रेसर,
ऑर्गनच्या नळ्या होत्या त्या भिंतीवर
वाकवलेल्या पुंगळ्या, उंचीप्रमाणे टांगलेल्या.
ती गाडीखाली शिरली, बोलली खालूनच:
इटालियन बसेल एक. स्टेनलेस, चार किलोने हलका.
क्लॅम्प कापावा लागेल.
जेट दोन नंबर मोठा, नाहीतर उतारावर
चारचौघांत लाज आणेल.
आणि हा सेंटर स्टँड काढायचा, पाइप तिथूनच जातो.

इथे घोडं पेंड खायला लागलं.

त्या स्टँडवर उभ्या गाडीवर बसून
माझी नेस्टा, सात वर्षांची असताना,
दोनदा पाटागोनियाला जाऊन आली.
पेट्रोल लागलं नाही. सँडविचं लागली.
परत यायची तेव्हा मी शेडच्या दारात
कस्टमचा साहेब होऊन उभा राहायचो.
आता ती कार्डिफला असते,
गाडी विजेवरची. आली कधी, थांबली कधी,
मला बेल वाजल्यावर कळतं.

हे सगळं हेलेदला सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो, स्टँड राहू दे.
तिने हात पुसले, माझ्याकडे बघितलं,
आणि इटालियन कॅटलॉग बाकाखाली सरकवला.

दुधाची तहान ताकावर भागवायची नव्हती मला,
आणि गंमत अशी की पत्रा निघाला दुधाचाच:
खालच्या गावातली डेअरी बंद पडली,
तिच्या टाकीचा.
पाच आठवडे. पुठ्ठ्याचे साचे, खडूच्या खुणा.
आत किती जाळी, किती लोकर भरायची
हे ती कशावरून ठरवते, विचारलं.
जुना आवाज ऐकलाय मी, म्हणाली,
शाळेत होते. तू खिंडीतून उतरायचास
आणि बाई खडू खाली ठेवून थांबायच्या.

दुसऱ्या नाही, चौथ्या किकला उठली.
जुना आवाज नाही हा.
थोडा खाली, थोडा रुंद,
वयात येताना पोराचा घसा फुटतो तसा,
एवढ्या उशिरा.
शेजारची मोरवुद दर वेळी खिडकी लावून घेते,
आज बाहेर आली, म्हणाली,
कोण आलंय?

तपासणीत गेथिनने मीटर धरला,
कपाळाला आठी घातली, पास केली.
कुठल्या कंपनीचा, विचारलं.
मी चॅपेलकडे बोट दाखवलं.

साचे हेलेदने टाकले नाहीत.
खिळ्याला अडकवलेत, शेवटच्या पुंगळीच्या शेजारी.

काल ग्रोनिंगेनहून पत्र आलं.
मापं मागतोय.
तुझा स्टँड शाबूत आहे का, असंही विचारतोय.