वजा एकतीस

दर महिन्याच्या पाच तारखेला यादी येते.
नावं नसतात, गावं नसतात.
वस्तू, नग, आणि शेवटी माझा वाटा.

मी लाइनमन, कारंजा घाडगे सेक्शनचा.
दिवसा खांबावर.
रात्री नाल्याच्या अलीकडे, सागाच्या दोन झाडांना
पांढरी चादर ताणून तिच्यापुढे बल्ब लावतो
आणि कोणकोणते पतंग येतात ते मोजत बसतो.
फोटो काढतो, नाव सापडलं तर लिहितो,
लांबच्या लोकांना कळवतो, खाली लिंक देतो:
हे भिंग चांगलं आहे. हा जांभळा दिवा घ्या.
चादर मात्र घरचीच वापरा, जुनी, सुती.

लोक लिंक दाबतात
आणि भलतंच घेतात.

कुकरची रिंग, पाच लिटरची, तीन नग.
उंदराचा पिंजरा.
तलाठी भरतीचं पुस्तक, तेही मागच्या सालचं.
शिलाई मशीनचा पट्टा.
बैलाच्या गळ्यातली घंटा, पितळी, एक.
ज्याच्याकडे बैल आहे तो घंटा बाजारातून आणतो,
म्हणजे हा शहरातला.
दाराला बांधली असेल.

एक जण दर तीन आठवड्यांनी कलप मागवतो.
एकच पाकीट, काळा.
ह्या माणसाला मी ओळखतो असं वाटायला लागलंय.
एका महिन्यात त्याचा कलप आला नाही
तर मी दोनदा यादी पाहिली.

आणि कोणीतरी, पतंगांचं एवढं वाचून झाल्यावर,
डांबराच्या गोळ्या घेतल्या.
अर्धा किलो.
मला तीन रुपये मिळाले.

पुष्पलता तुरीच्या शेंगा सोलत ऐकते.
पतंगांचं तिला काही नाही.
चंद्रपतंग आला होता आषाढात,
हिरवागार, शेपट्या लोंबत, तळहाताएवढा,
तर म्हणाली, "पाहिला. आता झोपा."
यादी मात्र ती मागून घेते.
"तुमच्या पाखराइपेक्षा हे बरं हाये.
याच्यात मानसं तं दिसतेत."

आपणच घेतलेल्या वस्तूवर वाटा मिळत नाही, तसा नियम आहे.
म्हणून तिचा मिक्सर उईकेच्या मोबाईलवरून मागवला.
चौऱ्याऐंशी रुपये सुटले,
त्यातले चाळीस उईके चहात प्यायला.

तसं चादरीचंही हेच.
दिवा लावावा पतंगांसाठी
आणि आधी येतात भुंगे, मग पंखांच्या वाळव्या,
नाकतोडा येतो, त्याला खायला पाल येते,
एकदा खालच्या काठावर विंचू होता.
ज्याची वाट पाहतो तो दोन वाजता येतो
किंवा येत नाही.
मी वहीत सगळ्यांची नोंद करतो.
विंचवाचीसुद्धा.

जुलैत एक वॉकर होता.
ॲल्युमिनियमचा, घडीचा, उंची कमीजास्त होणारा.
माझा वाटा एकतीस रुपये.
पुष्पलता म्हणाली, "कोनाच्या तरी मायसाठी घेतला असन."
मी म्हणालो, किंवा बापासाठी.
तिथेच ती गोष्ट संपली.

ऑगस्टच्या यादीत तो परत होता,
तोच वॉकर, तोच नंबर,
पुढे एक आडवी रेघ आणि एकतीस.
वस्तू परत गेली की वाटा कापून घेतात.
कारणाचा रकाना नसतो.

त्या दिवशी अकरा केव्हीच्या खांबावर होतो,
सप्लाय बंद, कमरेला पट्टा,
खाली संत्र्याची बाग सरळ रांगांनी लांबपर्यंत गेलेली.
हातातला पाना तसाच राहिला.
कोणीतरी पुठ्ठ्याचं खोकं पुन्हा चिकटपट्टीनं बंद केलं असेल,
पार्सलवाल्याची वाट पाहत ओसरीत ठेवलं असेल.
घरात किती माणसं जमली असतील,
की एकही नसेल.
खालून उईके ओरडला, "साहेब, झोपले का?"

रात्री तिला वाचून दाखवलं.
आधी वगळणार होतो,
पण बेरीज जुळली नसती.
वजा एकतीस, वॉकर, परत.

ती थांबली. सुपातल्या शेंगा तशाच.
बाहेर बल्बवर काहीतरी जाड आपटत होतं, भुंगाच असावा.
मग तिनं पुढची शेंग उचलली, मोडली,
दाणे अंगठ्यानं काढले.

"चालाले लागला असन तो," म्हणाली.
"पुढचं वाचा."

पुढचं वाचलं.
कलप. काळा. एक पाकीट.