फेरी चुकली की

रायबंदरच्या धक्क्यावर फेरी चुकली
की इनास पिशवीतून पुस्तक काढतो,
पाव आणि बायकोच्या गोळ्यांखालून.
पुस्तक माझ्याच वाचनालयाचं,
मुदत संपून अकरा आठवडे झालेलं.
दंड मी मागत नाही, तोही देत नाही.

जहाज फुटल्याची जुनी गोष्ट.
बेटावर एकटा उरलेला एक माणूस.
इनास तेवीस वर्षं तारवटी, भांडी घासण्यापासून चीफ कूकपर्यंत,
म्हणून त्याची अशी झडती घेतो
जशी कस्टमवाले याची घ्यायचे.

"पळय, मडकी फुटली दोनदा.
तिसऱ्यांदा माती मळायला बसला.
हे मला आवडतं.
आणि खांबावर रोज एक खाच.
मीही केबिनच्या दाराआड रेघा मारायचो,
फेब्रुवारीत हमखास चुकायचो."

थुंकी लावून पान उलटतो.

"पैसे सापडतात त्याला फुटक्या जहाजात.
म्हणतो, इथे काय कामाचे? शिव्या घालतो त्यांना.
आणि फडक्यात बांधून नेतो.
हसू नको. मीही नेले असते."

पलीकडे दिवाडीचं खारफुटीचं रान
भरतीत गुडघाभर उभं.

"पण हे वाच.
दुसरा माणूस येतो, मरता मरता वाचलेला.
हा त्याला नाव देतो!
आरे, त्याच्या आईने ठेवलं असेल ना काहीतरी?
आणि शिकवतो काय पहिल्यांदा?
पाणी नाही, भात नाही.
मालक."

मला वाटलं, आता तो कप्तानाचं सांगेल,
बारा वर्षं याला 'जो' म्हणणाऱ्या,
तीन अक्षरं न जमलेल्या.
ते नेहमीचं आहे.

आज म्हणाला,
"माझ्या हाताखाली एक पोरगा होता, चितगावचा.
बटाटे सोलायचा. मी बटाटाच म्हणायचो.
सगळेच म्हणायचे. तोही हाकेला ओ द्यायचा.
वादळात माझा ताप उतरेपर्यंत
उशाशी बादली धरून बसला होता."
मग पुस्तकातल्या चित्राकडे बघत राहिला.
"नाव होतं त्याला. लांबडं होतं."

फेरी लागली. लोखंडी फळी
सिमेंटवर आदळली. स्कूटरी आधी.
पुस्तक पुन्हा पावाखाली गेलं.

माझ्या रजिस्टरात, सहा वर्षं झाली,
'इनास, दिवाडी' एवढंच आहे.
आडनावाचा रकाना कोरा.
तो कठड्याला टेकून उभा होता,
मी दोन हातांवर.
इंजिनाचा आवाज फार होता,
म्हणून विचारलं नाही, असं म्हणू.