काच बसायची आहे

युरियाच्या पोत्यात घालून आणल्या त्यांनी,
मोटारसायकलच्या टाकीवर पोतं आडवं.
सुभेदार निखाडे. पेन्शनीत येऊन दोन वर्षं.
पडवीत ओतल्या तर आवाज झाला
लग्नघरी वाट्या सांडाव्यात तसा.
"टीपॉय पाह्यजे. वरतून काच.
लिलावाची पावती आहे," ते म्हणाले.
मी विचारलं नव्हतं.

आमच्या घराण्यानं गुंड ठोकले, गंगाळं, पराती.
वैनगंगेच्या दोन्ही थडीला नांदायला गेलेल्या पोरींच्या
रुखवतात आमचा हातोडा वाजत गेला.
मग स्टील आलं.
आता मी कुकरला मुठी बसवतो,
देवळाच्या घंटेला जीभ लावून देतो.
पितळ येवढं एकदम
वीस वर्षांत हाताला लागलं नव्हतं.

सत्यशीलानं चिंच कोळली, राख चाळली.
बोटाएवढी पुंगळी, बुडाशी मधोमध खळगा,
सुईनं एकदाच ठोकलेला.
"सगळ्यायले टिकली लावून धाडलं हो,"
ती हसली,
आणि मग बराच वेळ नुसती घासत राहिली.

एकोणीस ओळी, ओळीत एकोणीस.
सागाच्या फळीला तेवढी भोकं पाडली.
सुभेदार शेजारी बसून मोजत होते.
"एकही माणसावर नाही. रेंजवरच्या आहेत,
लाकडी माणसं असतात तिथं, छातीवर आकडे."
तीनशे साठ झाल्या.
मग त्यांनी खिशातून रुमालाची घडी काढली.
"ही मधात."
कुठली, ते विचारलं नाही.
घासू का, एवढंच विचारलं.
"नको."

काच तुमसरहून यायची होती.
मुस्तकीम म्हणाला सोमवारी,
मग त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, मग दिवाळी.
टीपॉय पडवीत उघडा,
सगळी तोंडं वर करून.
नात ओठ टेकवून शिट्ट्या काढायची:
"आबा, सगळ्यायचा आवाज एकच येते."

आणि कुंभारीण आली.
धानाच्या बांधीतला ओला चिखल
गोळी गोळी करून आणायची.
पहिल्या दिवशी दोन तोंडं लिंपली,
आठवड्यात अकरा.
"काडीनं कोरून टाका न," सत्यशीला म्हणाली.

एक कोरली.
आत नऊ हिरव्या अळ्या,
जिवंत, पण वळवळायचं विसरलेल्या,
आणि वर टांगलेलं अंडं, कणीपेक्षा बारीक.
बाई काही शांतीबिंती घेऊन आली नव्हती.
नेम तिचाही पक्का होता.
तरी कोरलेलं भोक मला पुन्हा बुजवता येईना.
थुंकीनं माती मळून पाहिली. गळून पडली.
बाकीच्या दहांना हात लावला नाही.

काच आली. दहा मिलिमीटर, कडा घासलेली.
भिंतीला टेकवून ठेवली.
फोन आला: "झाला का टीपॉय?
पोरीला पाह्यला पाहुणे येऊन राहिले."
"काच बसायची आहे."
"आली नाही?"
"आली."

दुसऱ्या दिवशी स्वतःच आले.
वाकले, चष्मा कपाळावर ढकलला,
एका लिंपलेल्या तोंडाजवळ बोट नेलं
आणि परत घेतलं.
"किती दिवस लागतात?"
"मले काय माहीत. थंडीवर आहे."

चहा आला. सवयीनं कप पुढ्यात ठेवायला गेले,
हात अर्ध्यावर थांबला,
खाली काच नव्हती.
कप मांडीवर धरून प्यायले, फुंकर न मारता.

"मधली मोकळीच आहे," म्हणाले.
"हो."
"तिनं आजूबाजूच्या घेतल्या."
"हो."

पाहुण्यांचं मग काही बोलले नाहीत.
मोटारसायकल बेशरमाच्या कुंपणापर्यंत
ढकलत नेली,
चालू न करता.